दोन बोटं कमी

मिरज, ९ जुलै २०२४

समीना,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुला कळलं असणार. तरी फाडलंस, म्हणजे माझं अर्धं काम झालं. फोनवर तू मला ब्लॉक केलंस त्याला आता चौदा महिने झाले. तक्रार नाही. तुझ्या जागी मी असतो तर मोबाईलच कृष्णेत टाकला असता. साताऱ्याच्या होस्टेलचा पत्ता जीनतआपानं दिला, आणि देताना अट घातली की रडगाणं गायचं नाही, कामाचं तेवढं लिहायचं. बहीण माझी, पण वकिली तुझी करते.

तर काम. अब्बा अंथरुणाला खिळलेत. मागच्या आठवड्यात कारखान्यात एकटेच होते. तंबोऱ्याच्या दांडीचं लाकूड माळ्यावरून उतरवताना पाठीत कट्‌कन वाजलं म्हणतात. आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला. तार केसभर उतरली तरी ज्यांच्या कानाला कळतं त्यांचा कान खोटं सांगणार नाही. गल्लीतले डॉक्टर म्हणाले स्नायू धरलाय. मलम दिलं, पट्टा दिला. आठ दिवस झाले. कूस बदलताना अब्बा तोंडातून हूं की चूं काढत नाहीत, पण अम्मीचं मनगट इतकं घट्ट धरतात की तिच्या दोन बांगड्या फुटल्या. मिस्त्री कधी उठणार म्हणून गिऱ्हाइकं विचारतात. अब्बा भिंतीकडं तोंड करतात. साठाव्या वर्षी हातातलं काम सुटलं तर हा माणूस जगणार नाही, हे मला मुलगा म्हणून कळतं.

तू हाडांची घनता मोजायचं मशीन चालवतेस, रोज अशी माणसं बघतेस. गेल्या वर्षी शिबिरात तू जे म्हणालीस आणि मी जे बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतंय. त्याबद्दल आत्ता लिहायला बसलो तर कागद फाटेल. एवढंच सांग, अब्बांना कुठं नेऊ आणि काय विचारू. मला उत्तर द्यायचं नसेल तर आपाला दे.

कॉलेज सोडलेला, बाकी होता तसाच,
अश्फाक


मिरज, १७ जुलै २०२४

समीना,

तुझा फोन आपाला शनिवारी आला आणि सोमवारी आम्ही अब्बांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तू तीन गोष्टी सांगितल्यास आणि आपानं त्या तळहातावर लिहून घेतल्या. पाठीचा एक्स-रे बाजूनं काढायला सांगा. आधीची उंची किती होती ते आठवून ठेवा. आणि दम्याच्या पांढऱ्या गोळ्यांची पट्टी खिशात घालून न्या.

तिन्ही लागल्या. डॉक्टर वीरधवल म्हणून आहेत, हाडांचे. एक्स-रेत दोन मणके चेपलेले दिसले, एक आत्ताचा आणि एक जुना. जुना कधी गेला हे अब्बांना ठाऊकच नाही. दोन वर्षांमागं आठवडाभर कंबर धरून बसले होते, अम्मीनं विटेनं शेकलं होतं, तोच असणार. उंचीचं म्हणशील तर अब्बा तरुणपणी पोलीस भरतीला उभे राहिले होते. छाती कमी पडली म्हणून परत आले, पण उंची पक्की लक्षात आहे, पाच फूट सात. आता पाच फूट साडेचार भरली.

मग गोळ्यांची पट्टी काढली. डॉक्टरांनी ती हातात घेतली आणि किती वर्षं घेताय असं विचारलं. तंबोऱ्याचा भोपळा खरवडताना उडणारी धूळ आणि पॉलिशचा वास यानं अब्बांना दम लागायचा, तेव्हा कुणीतरी दहा दिवसांसाठी चिठ्ठी लिहून दिली होती. ती दहा दिवसांची चिठ्ठी नऊ वर्षं चालली. औषधाच्या दुकानात मीच जायचो आणायला. स्टिरॉइड आहे, हाडं आतून पोखरतं, डॉक्टर म्हणाले. मी तिथंच गोळ्या कचऱ्यात टाकायला निघालो, तर त्यांनी हात धरला. एकदम बंद करायच्या नाहीत, त्यानंही जिवाला धोका, हळूहळू उतरवायच्या आणि दम्याला ओढायचा पंप द्यायचा. बघ, चांगलं करायला गेलो तरी माझा हात आधी चालतो.

तू ती पट्टी लक्षात ठेवलीस. आमच्या घरी तू तीनदा आली असशील. नऊ वर्षं ती आमच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी होती आणि आम्हा चौघांपैकी कुणी तिच्याकडं बघितलं नाही. तुझे उपकार कसे मानायचे हे मला शिकवलेलं नाही. म्हणून निदान खरं लिहितो.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. अब्बा एकटे नव्हते.

खंडाळ्याचे गायनाचे एक मास्तर आहेत. दहा वर्षांपूर्वी अब्बांनी त्यांना तंबोरा करून दिला होता, त्याची जोडी हवी म्हणून त्यांनी दुसरा सांगितला. न्यायला आले तेव्हा जुना बरोबर घेऊन आले. दोन्ही शेजारी उभे केले, तर नवा दोन बोटं कमी. आमच्या अब्बांना टेप माहीत नाही. त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं माप एकच, भोपळ्यावर दांडी उभी धरायची, हनुवटीला जिथं लागेल तिथं खूण करून कापायची. पस्तीस वर्षं त्याच मापानं तंबोरे गेले आणि एकानंही तक्रार केली नाही. मास्तर भले माणूस. हळूच म्हणाले, "मिस्त्री, नजर उतरली काय?"

मी मास्तरांवर धावून गेलो. जुनं लाकूडच वाढलं असेल, असं काहीतरी खुळ्यासारखं बोललो. ते दोन्ही तंबोरे तिथंच ठेवून निघून गेले. मग माझा राग अब्बांकडं वळला. वर्षभर गल्लीत कुजबुज होती की इलाही मिस्त्रीचा माल आखूड येतोय, ती सगळी ओकलो. स्टीलची टेप त्यांच्या पायाशी फेकली आणि म्हणालो, "आता तरी ही लावा. तुमच्या हनुवटीवर कुणाचा भरवसा राहिला नाही."

अब्बांनी टेप पायानं बाजूला सारली. नवं लाकूड काढायला स्टुलावर चढले. स्टूल डुगडुगतंय हे मला दिसत होतं. मी मुद्दाम मोबाईलमध्ये बघत बसलो. मग तो आवाज. तो मलाही ऐकू आला, समीना.

नजर उतरलीच नव्हती, हनुवटी खाली आली होती. अब्बा आखूड झाले होते. आणि हे साऱ्या मिरजेत एकट्या तुलाच दिसलं होतं. मोहल्ल्याच्या हॉलमधलं शिबिर, बाहेर 'फक्त महिलांसाठी' असा फलक, अब्बा अम्मीला सोडायला आलेले. तू मशीनमागून उठून त्यांना विचारलंस, चाचा, कुर्ता मोठा शिवलाय का. तो कुर्ता दोन वर्षांपूर्वीच्या ईदचा होता. तेव्हा गुडघ्यापर्यंत यायचा, आता खाली उतरला होता. अम्मीला वाटायचं धुऊन धुऊन कापड सुटलंय. तू म्हणालीस बसा, दोन मिनिटांचं काम आहे, मोजा काढा, टाच मशीनवर ठेवा. तेवढ्यात मी आलो आणि चाळीस बायकांसमोर ओरडलो, माझ्या बापाला बायकांच्या रांगेत बसवतेस, माझा बाप म्हातारी आहे का. तू एवढंच म्हणालीस, "हाडांना बाई-पुरुष कळत नाही, अश्फाक." मी खुर्ची लाथाडली. अब्बांनी माझा दंड धरून मला बाहेर नेलं. अर्धवट काढलेल्या मोज्यानिशी चालत घरी आले.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सांगलीला कॉलेजात एकजण हसला, मी त्याचं नाक फोडलं. प्राचार्य म्हणाले माफीचं पत्र लिहून दे, विषय संपला. मी लिहिलं नाही, तिसरं वर्ष अर्धं टाकून घरी आलो, आणि वर वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलो की समीनामुळं कॉलेज सुटलं. तुझ्यामुळं काहीही सुटलेलं नाही. होतं ते मी फेकलं.

अश्फाक


मिरज, २ ऑगस्ट २०२४

समीना,

आपा म्हणाली तू पत्रं वाचतेस, टाकून देत नाहीस. एवढ्यावर मी परवा दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

अब्बांची घनतेची तपासणी झाली. शिबिरातलं टाचेचं नव्हे, तू चालवतेस ते मोठं मशीन, आडवं झोपवून वरून हात फिरवल्यासारखं जातं. खुब्याचा आकडा उणे दोन पूर्णांक नऊ, मणक्याचा उणे तीनच्या पुढं. उणे अडीचच्या खाली गेलं की हाडं ठिसूळ, हे आता मलाही पाठ झालंय. रिपोर्ट घरी आणला तर तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं की तुलना कुणाशी केली. मी शोधत बसलो. आणि काय सापडलं, तर हा आकडा काढताना पुरुषालासुद्धा गोऱ्या तरुण बाईच्या मापाशी लावून बघतात. तू हसत असशील. मी हसलो नाही. मिरजेचा इलाही मिस्त्री, आणि त्याची बरोबरी परदेशातल्या कुठल्यातरी मॅडमशी. कागद घेऊन तसाच दवाखान्यात गेलो, अब्बांना रिक्षात घालून. त्यांनाही माझं पटलं होतं. डॉक्टरांनी सुई सुचवल्यापासून ते म्हणत होते, सुई नक्को, औषध नक्को, मशीनला आपली हाडं काय कळतात.

डॉक्टरांपुढं कागद आपटला. म्हणालो, "तुमचं मशीन गोऱ्यांचं, माप गोऱ्यांचं, आणि आजारी आम्ही?"

मला वाटलं आता हाकलतील. ते म्हणाले, "बरोबर वाचलंस. बस." आणि सांगत गेले. आपल्याकडच्या माणसाचं हाड मुळातच बारीक असतं, तिकडच्या मापानं लावलं की आकडा जास्त खाली दिसतो, म्हणून आपल्याच लोकांच्या मापानं बघावं असं म्हणणारे डॉक्टरही आहेत. जपान्यांची हाडं मापाला हलकी, तरी त्यांचे खुबे गोऱ्यांपेक्षा कमी मोडतात. आफ्रिकेकडच्या वंशाच्या लोकांची हाडं बहुतेक भरीव. जगाला एक फूटपट्टी पुरत नाही. पण आपल्याकडं मोडतात तेव्हा दहा-पंधरा वर्षं आधी मोडतात, तिकडच्यासारखं सत्तरी-पंच्याहत्तरीची वाट बघत नाहीत. तिकडं बायकांचे जास्त, आपल्याकडं पुरुषही फार मागं नाहीत, फक्त त्यांना कुणी तपासत नाही. आणि खुबा मोडल्यावर वर्षाच्या आत दगावणाऱ्यांत पुरुषच जास्त.

मला पटलं, पण अब्बा हलेनात. मग डॉक्टरांनी त्यांना विचारलं, तंबोऱ्याचा भोपळा कसा पारखता.

अब्बा घरी दखनीत बोलतात, बाहेर आपलं मिरजेचं मराठी. म्हणाले, "आवं साहेब, त्येला एक माप न्हाई. एका शेतातला जाड सालीचा येतो, शेजारच्या शेतातला पातळ. पातळ म्हणून फेकला तर निम्मा माल जाईल. पातळ बी लय गोड वाजतो."

"मग फेकता कधी?"

"चीर गेली की. चीर दिसली की त्यो कुठल्या शेतातला, आमी विचारत न्हाई."

डॉक्टर उठले. एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला आणि अब्बांची खुर्ची पुढं ओढली. अब्बा स्वतःच्या पाठीकडं बघत राहिले, गिऱ्हाइकानं परत आणलेला माल बघतात तसे. बोटानं वरून खाली मोजत आले, एका ठिकाणी थांबले, मग दुसऱ्या. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "दो जगा चीर है रे."

आणि डॉक्टरांना विचारलं, सुई कधी.

आधी व्हिटॅमिन डी भरून काढायचं, ते अगदी तळाला गेलंय. दिवसभर कारखान्याच्या आत बसणाऱ्या माणसाला ऊन लागणार कधी. मग महिन्याभरानं सलाईनमधून औषध, वर्षातून एकदा. तोवर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, आणि चालायचं. रोज सकाळी मी त्यांना घेऊन स्टेशनपर्यंत जातो. ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात. लहानपणी उलटं होतं. काल म्हणाले, स्टूल डुगडुगत होतं ते मलाही माहीत होतं. बस, एवढंच. मला तिथं रस्त्यातच रडू आलं, आणि पेपर टाकणारा एकजण सायकल थांबवून बघत बसला.

अश्फाक


मिरज, १ सप्टेंबर २०२४

समीना,

सुई झाली. दोन दिवस ताप आला, अंग दुखलं, तो येतो असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी कुणावर धावून गेलो नाही. याची नोंद घे.

त्या खोलीत अकरा खाटा. दहांवर बायका, अकराव्या खाटेवर अब्बा. दारातून आत बघितलं तेव्हा माझाच पाय अडला. अब्बा सरळ जाऊन बसले. शेजारच्या खाटेवर पलूसकडची मनुबाई नावाची एक म्हातारी होती, डोक्यावरचा पदर सावरत तिनं विचारलं, "कुणाला घिऊन आलाय वो चाचा?"

"मीच आलोय."

"गड्यामानसाला बी आसतंय व्हय ह्ये?"

"मला बी ठावं नव्हतं," अब्बा म्हणाले. "एका पोरीनं सांगितलं. आमी ऐकलं न्हाई, म्हणून दोन मणकं देऊन शिकलो."

मग ती म्हातारी जी सुरू झाली. तिचा मालक बासष्टीचा, कमरेत पुरता वाकलाय, गावात सगळे म्हणतात कारखान्यावर पोती वाहिली म्हणून. तोही दम्याला गोळ्या खातो. अब्बांनी तिला गोळीचा रंग विचारला, आकार विचारला. सलाईन लावलेल्या हातानंच खूण करून मला म्हणाले, डॉक्टरांचा नंबर लिहून दे तिला. मी लिहून दिला. तिनं तो कागद चोळीत खोचला आणि म्हणाली, उद्या त्यालाच उचलून आणते, न्हाई आला तर पोरास्नी सांगून बांधून आणते. सगळी खोली हसली. अब्बाही हसले, पाठीला हात लावून.

तू शिबिरात जी दोन मिनिटं मागितली होतीस ती आता कुठल्या कुठं गेलीत बघ. तुला हे कळावं म्हणून लिहितो.

आणखी एक कबुली. बकरीदनंतर, अब्बा अंथरुणाला खिळायच्या आधी, मी साताऱ्याला आलो होतो. एसटी स्टँडवर उतरलो. तुझ्या दवाखान्याचा रस्ता एकाला विचारलासुद्धा. मग स्टँडवरच चहा प्यालो, परतीच्या गाडीत बसलो. तू ब्लॉक केलंयस म्हणजे येऊ नको असं सांगितलंयस, हे तिथं पोचल्यावर कळलं. एवढ्या उशिरा कळतं मला सगळं. मी तुझ्यावर जीव टाकतो हे खरं आहे आणि ते जात नाही, पण ते तुझ्यावरचं ओझं नाही. यापुढं मी आपण होऊन लिहिणार नाही. ज्या माणसाची ओळखही तुला नको त्याच्या बापासाठी तू शनिवारी फोन केलास. माझ्याकडं एवढाच एक पुरेसा शब्द आहे, शुक्रिया.

अश्फाक


मिरज, ६ एप्रिल २०२५

समीना,

तुझं कार्ड काल आलं. मी ते आठ-दहा वेळा उलटसुलट केलं, मागं आणखी काही लिहिलंय का बघायला. एकच ओळ. 'चाचांची उंची आता किती?' खाली सहीसुद्धा नाही. आपानं बघितलं आणि म्हणाली, विचारलंय तेवढ्याचंच उत्तर दे. प्रयत्न करतो.

परवा दवाखान्यात दाखवायचं होतं. सात महिने झाले. अब्बा आता जमिनीवर बसून काम करत नाहीत, मी टेबल करून दिलंय. आधी चिडले, टेबलावर तंबोरा होतो का म्हणून. आता दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू देत नाहीत. पांढऱ्या गोळ्या उतरत उतरत जानेवारीत संपल्या, पंप चालू आहे. भोपळा खरवडायचं काम माझ्याकडं, तोंडाला फडकं बांधून. मास्तरांच्या जोडीचा तंबोरा दिवाळीनंतर गेला. दांडी मी मोजली, घोडी घासून सुराला घुमारा देणारी जवारी अब्बांनी काढली. दोन्ही शेजारी उभे करून मास्तर बराच वेळ छेडत बसले होते. मी त्यांची माफी मागितली, आणि प्राचार्यांनाही लिहून दिली. जूनपासून वर्गात बसू देणार आहेत. हे तू विचारलेलं नाहीस, चुकून लिहिलं.

उंची. नर्सनं अब्बांना चपला काढून भिंतीला टेकवून उभं केलं. टाचा, पाठ, डोकं. ती डोक्यावर खाली येणारी फळी असते ना, ती तिनं सावकाश उतरवली. इतक्या परीक्षा दिल्या, एवढा कधी घाबरलो नव्हतो. एक सूत जरी खाली आली असती तर आत आणखी काहीतरी चेपलंय असा अर्थ होता.

पाच फूट साडेचार.

अब्बा म्हणाले, पुन्हा मोजा. पुन्हा तेवढीच. त्यांचं तोंड जरा उतरलं, त्यांना वाटलं होतं इतकी औषधं घेतली तर एखादं बोट तरी परत येईल. डॉक्टर वीरधवल म्हणाले, "मिस्त्री, गेली ती परत येत नाही. उरली ती टिकली, यासाठीच सगळा खटाटोप."

अब्बांनी चपला घातल्या. बाहेर पडताना दारात थांबले आणि मला म्हणाले, त्या पोरीला कळव, टिकली म्हणून.

कळवतोय. उरली ती टिकली आहे.

अश्फाक